फॉल्ट मधी नसतो

बराखीची भिंत फुटली तेव्हा भाऊजी आत, कांद्याच्या ढिगावर बसलेले होते. आधी कारवीचा कूड कुरकुरला, मग पोट सुटल्यासारखा फुगला, आणि मग दावं तोडलेल्या म्हशीसारखे कांदे अंगणात धावत सुटले. त्यांच्याबरोबर भाऊजी. धुरळा खाली बसला तेव्हा मला त्यांचं छातीच्या खालचं काही दिसेना. दोन्ही हात मात्र वर होते आणि हातांत कॉम्प्युटरचा पडदा होता. पुराच्या पाण्यातून लेकरू डोक्यावर धरून न्यावं, तसा त्यांनी तो धरला होता.

"भाऊजी, हाय का गेलं?" मी विचारलं.

"वैनी, हलू नका," ते पडद्यामागून म्हणाले. "लाईन चालू हाय."

ते कांदे माझे होते.

हा माणूस कॉम्प्युटर घेऊन कांद्यावर का बसला होता, हे सांगायचं तर आधी माणूस सांगावा लागेल.

गेनभाऊ हे माझे धाकटे दीर. टेलिफोन खात्यात लाईनमन होते. जुन्नर, घोडेगाव, मंचर, असा सगळा जन्म खांबावर गेला. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण ते खातं सोडून आले असं मला कधी वाटलं नाही. खातंच त्यांच्याबरोबर वस्तीवर राहायला आलं. कमरेला अजून तो रुंद चामड्याचा पट्टा असतो आणि पट्ट्यात पक्कड असते, जेवायला बसतानासुद्धा. लग्नाच्या पंगतीत शेजारच्याच्या मांडीला ती पक्कड टोचते. म्हणून त्यांच्या दोन्ही बाजूंना नेहमी लांबगावचे पाहुणे बसलेले दिसतात. गावातलं कुणी बसत नाही.

त्यांच्या बोलण्यात माणसं नसतात, लाईनी असतात. कुणी वारलं की "लाईन डेड झाली". नवराबायकोचं भांडण म्हणजे "क्रॉस कनेक्शन". मी एकदा म्हणाले, माझे गुडघे दुखतात. त्यांनी विचारलं, सतत दुखतात की हलवल्यावर? मी म्हणाले, उठताना. "मग जॉइंट लूज हाय," असं म्हणून ते चहा न घेता निघून गेले. मंचरच्या डॉक्टरनंही शेवटी तेच सांगितलं. फक्त त्यानं आधी फोटो काढला.

त्यांचं एक वाक्य आहे, ते आमच्या दोन्ही घरांना पाठ आहे. "फॉल्ट ह्या टोकाला असतो न्हाईतर त्या टोकाला. मधी फॉल्ट नसतो." याच्यामागे जुन्नरची गोष्ट आहे. बाजारपेठेतल्या एका कापडवाल्याचा फोन रोज दुपारी एक ते चार बंद पडायचा. भाऊजी आठ दिवस त्या बोळातले सगळे खांब चढले. तारा बदलल्या, कावळ्यांची घरटी उतरवली, एका आंब्याची फांदी तोडून आंब्याच्या मालकाच्या शिव्या खाल्ल्या. नवव्या दिवशी कळलं की कापडवाल्याची म्हातारी आई दुपारी झोपायला जाताना रिसीव्हर काढून उशीखाली ठेवत होती. त्या दिवसापासून भाऊजींचा मधल्या भागावरचा संशय कायमचा उडाला. तो परत कधी बसला नाही, आणि सगळं रामायण त्यातूनच झालं.

आमची वस्ती मंचर आणि घोडेगावच्या मधे, ओढ्याकाठच्या खोलगटात आहे. मोबाईलला इथं रेंज नाही. ती घराच्या पाठीमागच्या टेकडीवर आहे, तीही म्हसोबाच्या दगडाला पाठ लावून उभं राहिलं तर. म्हणून माझ्या संतोषनं, म्हणजे माझ्या मुलानं, त्याच्या कामासाठी घरात नेटचा डबा घेतला. भिंतीवर टांगलेला, दोन शिंगांचा. भाऊजी तो बघायला आले आणि डब्याच्या खाली, वर, मागे हात फिरवून म्हणाले, "घरात तार आली, बरोबर. पर घरातनं पुढं तार कुठं हाय?" संतोष म्हणाला, काका, पुढं हवेतून जातं. भाऊजींनी डब्यापुढच्या हवेत हात फिरवून बघितला. "हवंतनं वास जातो," ते म्हणाले आणि पट्टा वर ओढून घरी गेले.

त्यांचं घर अंगणापलीकडे. आमचं दार आणि त्यांचं दार समोरासमोर आहे, आणि बरोबर मधे आमची बराखी. कांदा साठवायची लांबट खोली. वर पत्रा, बाजूंना कारवीच्या काड्यांचे कूड, वारा खेळावा म्हणून सगळीकडे फटी. रिकामी असली तर तिच्यातून पलीकडच्या घरात चुलीवर काय चाललंय तेही दिसतं. भरली की दोन घरं दोन गावांत असल्यासारखी होतात.

मार्गशीर्षात सुलीला झटका आला. सुली म्हणजे माझी जाऊ, भाऊजींची बायको. उजवा हात गेला आणि वाचा गेली. दोन घरांत मिळून जेवढं बोललं जायचं त्यातले तीन हिस्से सुली बोलायची, तेव्हा अंगण कसं झालं असेल ते ज्याचं त्यानं समजावं. त्यांची मुलगी मनीषा पुण्याला असते. ती आईला घेऊन गेली. तिथं दवाखाना जवळ, आणि बोलायला शिकवणाऱ्या बाई घरी येतात. भाऊजी आठ दिवस राहून परत आले. मनीषाच्या इमारतीत त्यांनी तीन शेजाऱ्यांच्या दारावरच्या घंटा दुरुस्त करून बिघडवल्या होत्या.

येताना त्यांनी मनीषाकडून एक नखाएवढी काडी आणली. मनीषाचा कॉलेजातला जुना कॉम्प्युटर त्यांच्या घरात कपड्याखाली झाकून पडला होता. ती काडी त्याच्या खोक्याच्या मागे खोचायची, म्हणजे आमच्या डब्यातली हवा तिच्यात शिरते. पडद्यावर पंख्यासारख्या चार रेघा उगवतात. रेघा जितक्या जास्त तितकी लाईन चांगली. भाऊजींनी काडी खोचली, रेघा मोजल्या, आणि ज्या माणसानं हवेला वास म्हटलं होतं तोच माणूस मला म्हणाला, "वैनी, एकदम क्लिअर."

त्या दिवसापासून रोज सकाळी अकराला ते दार लावून घेऊ लागले. आतून आवाज यायचा. "हॅलो. हॅलो. एक. दोन. तीन." मी काही विचारलं की आतूनच उत्तर, "टेस्टिंग चालू हाय." मला त्यात नवल वाटलं नाही. खांबावर चढून ते जन्मभर हेच म्हणत आलेले. म्हातारपणी कुणी जप करतं, कुणी तपकीर ओढतं, हे टेस्टिंग करतात, एवढंच मी समजले.

दोन महिने बरे गेले. मग चैत्रात कांदा निघाला, आम्ही बराखी भरली, आणि भाऊजींची लाईन गेली.

एकदम गेली नाही. आधी दोन रेघा राहिल्या, मग एक, मग पंख्यावर फुली. भाऊजी पट्टा आवळून कामाला लागले. पहिल्या दिवशी कॉम्प्युटरचं खोकं उघडून रंगाच्या ब्रशनं झाडलं. आत एक मेलेली पाल निघाली. ती त्यांनी मला आणून दाखवली, जणू तिनंच सगळं केलं होतं. दुसऱ्या दिवशी आमचा डबा भिंतीवरून काढून खिडकीत ठेवला. तिसऱ्या दिवशी परत भिंतीवर. डब्याची शिंगं त्यांनी इतक्या वेळा फिरवली की एक सैल होऊन कायमचं खाली मान घालून बसलं. नवरात्रात खंडेनवमीला घरातल्या अवजारांबरोबर त्या खोक्यालाही हळदकुंकू लावलं होतं, ते मागच्या भोकात गेलं असेल असा त्यांना संशय आला. त्यांनी सुईच्या टोकाला कापूस गुंडाळून प्रत्येक भोकातलं कुंकू काढलं. कुंकू निघालं. रेघ आली नाही.

मग त्यांना कुणीतरी सांगितलं की बंद करून परत चालू करावं. हे त्यांना फार पटलं. ते दिवसातून वीस वेळा आमच्या घरात येऊन डबा बंद करायचे, मनात साठ आकडे मोजायचे, चालू करायचे. संतोषचं काम मधेच तुटायचं आणि तो कपाळावर हात मारायचा. नंतर हा उपाय सगळ्यालाच लागू झाला. मी एका दुपारी चक्कर आल्यासारखं होतंय म्हणाले तर म्हणाले, "वैनी, आडवं व्हा. पंधरा मिनिटं बंद ऱ्हावा, मग चालू व्हा." झाले बरी, ही गोष्ट वेगळी.

त्यानंतर माझी पितळी परात गेली. उन्हाचा कवडसा आरशानं हवा तिकडं टाकता येतो, तशी हवा पण टाकता येईल, असं त्यांचं म्हणणं. परात डब्याच्या पाठीमागे उभी करून त्यांनी तिचं तोंड आपल्या घराकडं केलं. आणि खरंच अर्धा दिवस एक रेघ आली. झालं, परात तिथंच राहिली. मी महिनाभर ताटात भाकरी थापली.

संतोष म्हणाला, काका, माझ्या मोबाईलवर टेस्टिंग करा ना, घरात तो डब्यावर चालतो. भाऊजी म्हणाले, दुसऱ्याच्या सेटवर टेस्टिंग करत नाहीत. मी म्हणाले, मग तुमचा कॉम्प्युटर आमच्या घरात आणा, डब्याच्या पुढ्यात मांडा. यावर ते नुसतेच पक्कड चाळवत राहिले. संतोष म्हणाला, मंचरहून तार आणतो, तुमच्या घरापर्यंत ओढून देतो, तासाचं काम आहे. "लाईनमनच्या घरात दुसऱ्यानं तार ओढायची?" असं म्हणून ते ताटावरून उठले. मग तुम्ही स्वतः ओढा, मी म्हणाले. ते म्हणाले, "कायद्यात बसत न्हाई." हा कुठला कायदा ते मला तेव्हा कळलं नाही.

शेवटी त्यांनी कंपनीत तक्रार करायचं ठरवलं. तक्रार फोनवर करायची, फोनला रेंज टेकडीवर, आणि बिघाड खाली घरात. म्हणून भाऊजी बटणांचा फोन घेऊन म्हसोबाच्या दगडाला टेकून उभे राहिले आणि मला अंगणात उभं केलं. फोनवरच्या मुलीनं विचारलं असावं की आपण मशीनजवळ आहात का. कारण वरून भाऊजींचा आवाज आला, "मी फिल्डवर हाय मॅडम. टोकाला मानूस बसवलाय."

तो माणूस म्हणजे मी. पहिल्यांदा विचारलं, डब्यावर दिवे किती. मी माझ्या घरात गेले, बघितलं, बाहेर आले, ओरडले, दोन हिरवे, एक पिवळा. पिवळा मिचकतोय का? परत आत. मिचकतोय. मग मॅडम म्हणाली, कॉम्प्युटरच्या मागची काडी काढून परत घाला. मी अंगण ओलांडून त्यांच्या घरात गेले, खोक्याच्या मागं हात घातला, हाताला लागलं ते उपसलं.

"काढलं," मी ओरडले.

"काय काढलं?"

"काळं काढलं."

"समदं काळंच हाय, वैनी."

मी ते जागेवर घातलं आणि दुसरं काळं काढलं. हे बराच वेळ चाललं. माझे जॉइंट लूज आहेत हे मॅडमला माहीत नव्हतं, पण भाऊजींना माहीत होतं. मग मॅडमनं कनेक्शनचा नंबर मागितला. भाऊजी ओरडले, टेबलावर रजिस्टर आहे, शेवटच्या पानावर नंबर आहे.

खात्यातली सवय, भाऊजी सगळ्याचं रजिस्टर ठेवतात. लांब निळी वही होती. मी ती मागून उघडायची तर पुढून उघडली.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. पण भाऊजींचं अक्षर मोठं आहे. पहिल्या पानावर होतं, "अकरा वाजता. चार रेघा. एक." दुसऱ्या दिवशी, "चार रेघा. एक." तसंच पाच-सहा दिवस. मग, "चार रेघा. एक. दोन." मग, "तीन रेघा. एक. दोन चुकलं. एक." मी म्हटलं हे कसलं टेस्टिंग, आकडे पुढं जातात आणि मागं येतात. पान उलटलं. "चार रेघा. एक. दोन. तीन. हसली."

लाईन हसत नाही, एवढं मला चौथीच्या शिक्षणावर कळतं.

मी तिथंच खाटेवर बसले. पुढच्या पानावर होतं, "चार रेघा. एक. दोन. तीन. चार. माझ्याआधी म्हणाली." त्याच्या पुढं, "दोन रेघा. तोंड हललं, आवाज नाही." मग, "एक रेघ. तोंड दिसलं नाही." आणि तिथून पुढं पानं भरून एकच. रेघ नाही. रेघ नाही. रेघ नाही. रोज तारीख आणि अकराची वेळ घातलेली, रोज सही केलेली.

वरून हाक आली, "वैनी, नंबर."

मी मागचं पान उघडून नंबर सांगितला.

भाऊजी टेकडी उतरून आले तेव्हा मी त्यांच्या उंबऱ्यावर वही घेऊन बसले होते. मी म्हणाले, "सुली चारपर्यंत आली व्हती?"

"तुमाला मागचं पान सांगितलं व्हतं."

"मी पुढनं उघडलं."

ते पायरीवर बसले. मग थोडं थोडं सांगितलं. पुण्याच्या त्या बाई म्हणाल्या होत्या की रोज एका वेळेला, एकच तोंड दिसलं पाहिजे आणि तेच आकडे कानावर पडले पाहिजेत. नुसत्या फोनवर भागत नाही, तिला ओठ बघावे लागतात. आणि खंड पडला तर आलेलं मागं जातं. म्हणून आमच्या घरात कॉम्प्युटर आणला नाही. तिला माणसांपुढं एक-दोन म्हणायची लाज वाटली असती, जन्मभर एवढं बोललेली बाई. मी म्हणाले, मनीषा सांगत असेल की तिला, लाईन बंद आहे म्हणून.

"सांगती," भाऊजी म्हणाले. "पर वैनी, मी लाईनमन. माझी लाईन बंद हाय, ह्यावर सुलीचा इस्वास बसंल का? तिला वाटंल, ह्यांनीच बंद केलं. तिला इचारता बी येत न्हाई."

मला राग आला. मी म्हणाले, मग एवढ्या दिवसांत तार ओढायला काय धाड भरली होती? कुठला कायदा आडवा आला?

त्यांनी पक्कड दोनदा उघडली, मिटली. नोकरीच्या शेवटच्या वर्षी ते खांबावरून पडले होते, हे मला माहीत होतं. गळ्याचं हाड मोडलं होतं. पण जुन्नरच्या दवाखान्यात काय झालं ते त्यांनी आता सांगितलं. सुलीनं त्यांचा हात आपल्या डोक्यावर ठेवून शपथ घातली होती. पुन्हा तार ओढलीत तर माझं मेलेलं तोंड बघाल.

आमच्याकडे शपथ घातली की ती घालणाऱ्यानंच सोडवायची. "सुटली" असं तोंडानं म्हणावं लागतं. मान हलवून सुटत नाही.

"मंग तिला सुटली म्हणाया सांगायचं व्हतं की," मी म्हणाले.

"तिला चारपर्यंतच येतं, वैनी."

मी परातीवरून दोन शब्द बोलून घेतले आणि वही परत उघडली. काहीतरी बघायचं म्हणून बघत होते. ज्या तारखेला दोन रेघा होत्या, त्या दिवशी आमच्याकडे आठ बाया कांदा भरायला होत्या. त्या दिवशी भाऊजींनी ताक मागवलं होतं आणि पुरलं नव्हतं, म्हणून माझ्या लक्षात. तेव्हा बराखी अर्धी भरली. एक रेघ होती तो दुसरा दिवस, तेव्हा ती कुडाच्या माथ्यापर्यंत भरली.

मी म्हणाले, "भाऊजी, फॉल्ट बराखीत हाय. मधी."

"मधी फॉल्ट नसतो."

"पावसाळ्यात तार भिजली की लाईन खरखरती, हे कोन सांगत व्हतं? कांद्यात काय असतं? पाणीच की. डोक्याच्या वर पाणी रचलंय तुमच्या आन आमच्या मधी."

ते उठले. बराखीला एक फेरी मारली, हात लावून बघितलं, दुसरी फेरी मारली. मग सरळ घरात गेले. मला वाटलं, रागावले.

दुसऱ्या दिवशी मी अंगणात खाटेवर कुरडया वाळत घालून कावळे हाकत बसले होते. दहाच्या सुमाराला भाऊजी कॉम्प्युटरचं खोकं उराशी धरून आले आणि शिडी लावून पत्र्याखालच्या मोकळ्या जागेतून बराखीत शिरले. मग परत येऊन पडदा नेला. बराखीत दिव्यासाठी बोर्ड आहे, त्यात त्यांनी सगळं खोचलं. मी म्हणाले, हे काय चाललंय? आतून आवाज आला, कांदे हलवायचे तर तुमचं नुकसान, म्हणून लाईनच कांद्याच्या वर घेतली. मी म्हणाले, त्या बाजूचा कूड आधीच फुगलाय, माणसाचं वजन झेपायचं नाही. ते म्हणाले, खांबावर चढलेल्याला वजन नसतं.

थोड्या वेळानं आतून आलं, "वैनी, चार रेघा." आवाज लग्नातल्यासारखा होता.

मग अकरा वाजले. "सुले, ऐकू येतंय का? मी हाय. लाईन बंद व्हती, मी न्हाई. म्हण. एक."

मी कावळे हाकायची थांबले. बराच वेळ काही नाही. मग खरवडल्यासारखा, बारीक आवाज आला. "एक." मार्गशीर्षानंतर मी सुलीचा आवाज पहिल्यांदा ऐकला. तो तिचा वाटला नाही, पण होता.

"दोन."

"दोन."

"तीन."

तिथं ती अडली. भाऊजी म्हणाले, माझ्या तोंडाकडं बघ, असं, दाताला जीभ लाव. पडद्याच्या कपाळावर कॅमेऱ्याचा डोळा आहे, त्यात ओठ नीट दिसावेत म्हणून ते पडदा हातात घेऊन पुढं सरकले असावेत. तेवढ्यात कूड कुरकुरला.

बाकी मी आधी सांगितलं आहे. कांदे माझ्या पायावरून, खाटेखालून, पार गोठ्यापर्यंत गेले. भाऊजी छातीपर्यंत रुतले. पडदा त्यांनी दोन्ही हातांनी वर धरला, पण त्या गडबडीत त्याचं तोंड माझ्याकडं झालं. त्यामुळे सुली त्यांना दिसत नव्हती आणि ते सुलीला दिसत नव्हते. मला सुली दिसत होती, आणि सुलीला मी, आणि माझ्याभोवती सगळं अंगण.

मनीषाच्या स्वयंपाकघरात ती खुर्चीवर बसली होती. केस पांढरे झाले होते, वेणी दुसऱ्या कुणीतरी घातलेली होती. तिनं माझ्याकडं बघितलं. मग खाली बघितलं. वर्षानुवर्षं माझ्याबरोबर तिनं ती बराखी भरली आहे. तिचं तोंड एका बाजूला वाकडं झालं, मान ताठ झाली, आणि ती म्हणाली,

"कांदं."

पडद्यामागून आवाज आला, "काय म्हनली?"

"कांदं म्हनली," मी सांगितलं.

"तोंडानं?"

"मंग काय हातानं?"

सुलीनं परत तोंड उघडलं. या वेळेला तिला जास्त त्रास झाला. "अवं," ती म्हणाली. "कांदं."

अवं म्हणजे भाऊजी. लग्न होऊन आल्यापासून सुलीनं त्यांना दुसऱ्या कुठल्या नावानं हाक मारलेली नाही.

पडदा एका बाजूला कलायला लागला. मी म्हणाले, भाऊजी, पाडाल, द्या इकडं. त्यांनी दिला नाही. त्यांनी तो हळूहळू फिरवून आपल्याकडं केला. मला फक्त त्यांच्या टकलावरची धूळ दिसत होती. मग ते म्हणाले, "सुले, लाईन क्लिअर हाय."

मी कांदे वेचायला बसले. कुणीतरी बसायलाच हवं होतं.

भाऊजींची एक बरगडी दुखावली. त्यांच्या मते जॉइंट लूज. ठेचलेला कांदा टिकत नाही, म्हणून पुढचा महिनाभर दोन्ही घरांत दुसरं काही शिजलं नाही. संतोषनं नवी बराखी गोठ्याच्या मागं बांधली, मधे नाही. आता आमच्या दारातून त्यांचं दार सरळ दिसतं, आणि त्यांच्या घरात चारी रेघा येतात. परात मला परत मिळाली. तिला एक पोचा आहे, त्याबद्दल भाऊजी म्हणतात की तो आधीपासून होता.

सुली दहापर्यंत आली. वारांची नावं आली, भाज्यांची आली. आता अकराला दार उघडंच असतं आणि मला बोलावतात. आषाढात एके दिवशी भाऊजी माझ्यासमोर तिला म्हणाले, "सुले, ह्या हवंचा काय भरवसा न्हाई. तार ओढतो. शपथ सुटली म्हण."

सुलीनं विचार केला. तिला तो शब्द येत होता. मला तिच्या ओठांवर दिसला.

"न्हाई," ती म्हणाली.

भाऊजींनी निळी वही उघडली आणि तेही लिहून ठेवलं. चार रेघा. न्हाई. खाली सही केली.

बराखी पडली तेव्हा तिथं आम्ही तिघंच होतो. मी अंगणात, भाऊजी कांद्यात आणि सुली पडद्यात. तिघंही अजून आहोत.